सही करण्यापूर्वी

(संस्थेच्या वार्षिक बक्षीस समारंभात एका सहशिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)





आज बक्षिसांचा दिवस आहे. मघाशी या व्यासपीठावर अभ्यासातल्या गुणवंतांचे कौतुक झाले, त्यानंतर खेळाडूंचे. एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. अभ्यासाचे बक्षीस घेणाऱ्या मुलाचे पालक पुढच्या रांगेत बसले होते. खेळाचे बक्षीस घेणाऱ्यांपैकी बऱ्याच मुलांचे पालक आलेलेच नव्हते. आज मला याच विषयावर चार शब्द बोलायचे आहेत, आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या एका चुकीपासून करायची आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. वडील आखातात नोकरीला, घरी अम्मी आणि दोन लहान बहिणी. मुलगा टेनिस चेंडूचे क्रिकेट फार सुरेख खेळे. आपल्या भागातल्या स्पर्धा तुम्हांला ठाऊकच आहेत. रात्री दिव्यांच्या उजेडात सामने, हजारोंची गर्दी आणि पहिले बक्षीस म्हणून मोटारसायकल. मुलगा अकरावीत गेला तेव्हा एका संघाने त्याला दर सामन्यामागे पैसे देऊ केले. त्याची अम्मी शाळेत येऊन मला म्हणाली, "सर, पोराला काय सांगू? पैसे येतायत, पण पुस्तक हातात धरीत नाही."

मी मुलाला बोलावले आणि मोठ्या रुबाबात सांगितले, "दोन डगरींवर पाय ठेवता येत नाही. एक काय ते निवड." मी समजत होतो की तो घाबरून अभ्यास निवडेल. त्याने खेळ निवडला. बारावीची परीक्षा दिलीच नाही. दोन हंगाम बरे गेले. तिसऱ्या हंगामात झेल घेताना पडला आणि उजवा खांदा निखळला. संघाकडून दोनदा चौकशी झाली, नंतर कोणी फिरकले नाही. पुढे तो एका दुकानात पोती उचलताना मला दिसला. मी विचारले, "परीक्षा का दिली नाहीस रे?" तो शांतपणे म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणालात एक निवड. मी निवडलं."

त्या रात्री मला झोप आली नाही. खेळ की शिक्षण, हा प्रश्न अशा पद्धतीने विचारणेच चूक आहे का, हे मला शोधायचे होते. म्हणून खेळाडूंची चरित्रे वाचू लागलो. त्यांत मला एक दूरदेशीचा माणूस भेटला. त्याची हकीगत आज तुम्हांला सांगतो.

हॉकी म्हटले की आपल्याला मैदानावरची हॉकी आठवते. अमेरिकेत आणि कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची. पायांत धारदार पट्टीचे बूट, हातात काठी, आणि चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती. तिथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक स्पर्धेचे नाव नॅशनल हॉकी लीग. तिच्यात आज ३२ संघ आहेत. दरवर्षी हे संघ पाळीपाळीने होतकरू मुलांची निवड करतात. निवड होणारे बहुतेक अठरा-एकोणीस वर्षांचे असतात. सात फेऱ्यांत मिळून सुमारे सव्वादोनशे नावे पुकारली जातात.

निवड झाली म्हणजे नोकरी मिळाली, असे मात्र नाही. संघाला फक्त त्या मुलाशी करार करण्याचा हक्क मिळतो. मुलाला वाटले तर तो महाविद्यालयात जाऊन तिथल्या संघातून खेळत राहतो, आणि त्याचे शिक्षण चालू असताना संघ थांबतो. महाविद्यालयांचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये संपला की सह्यांची घाई सुरू होते. पूर्वी कोणीच न निवडलेल्या मुलांनाही अशा वेळी बोलावणे येते. पण नॅशनल हॉकी लीगच्या करारावर सही झाली की महाविद्यालयाच्या संघातून पुन्हा खेळता येत नाही. शिवाय अशा पहिल्या करारात बहुधा दोन पगार लिहिलेले असतात. मुख्य संघात खेळलास तर मोठा, दुय्यम संघात पाठवले तर लहान. वर्तमानपत्रात छापून येतो तो मोठा. पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता त्या माणसाकडे वळू. त्याचे नाव केन ड्रायडन. जन्म १९४७, कॅनडातील हॅमिल्टन शहरातला. उंचापुरा मुलगा, गोलरक्षक. १९६४ साली, सतराही पुरी झालेली नसताना, बोस्टनच्या संघाने त्याची निवड केली आणि त्याच महिन्यात त्याच्यावरचे हक्क मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या संघाकडे दिले. मॉन्ट्रियल म्हणजे त्या खेळातले सर्वांत मानाचे घराणे. त्या काळी होतकरू मुलाची रूढ वाट कॅनडातल्या ज्युनिअर संघांतून जात असे. ड्रायडनने ती सोडली आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात नाव घातले. १९६७ साली त्याच्या संघाने राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद मिळवले. तीन हंगामांत तो गोलात असताना कॉर्नेलने ७६ सामने जिंकले आणि फक्त ४ हरले. १९६९ साली तो इतिहास विषय घेऊन बी.ए. झाला.

पदवी हातात आल्यावरही तो थांबला नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय संघातून खेळत असताना त्याने कायद्याचा अभ्यास सुरू केला. मॉन्ट्रियलशी करार झाल्यावर तो मॅकगिल विद्यापीठात कायदा शिकत राहिला आणि संघाच्या दुय्यम तुकडीतून खेळू लागला. १४ मार्च १९७१ रोजी त्याला मुख्य संघात पहिला सामना मिळाला. साखळीतले सहा सामने तो खेळला आणि सहाही जिंकले. मग बाद फेरी आली. समोर गतविजेता बोस्टन, म्हणजे ज्यांनी त्याला प्रथम निवडले होते तेच. सात सामन्यांच्या झुंजीत मॉन्ट्रियलने बोस्टनला हरवले, पुढे अंतिम फेरीत शिकागोलाही सात सामन्यांत हरवले आणि स्टॅन्ले चषक जिंकला. बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचे पारितोषिक कायद्याच्या या विद्यार्थ्याला मिळाले. सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मान त्याला त्यानंतर, १९७२ मध्ये मिळाला. मोठे बक्षीस आधी आणि नवशिक्याचे नंतर, असा प्रकार त्या लीगमध्ये दुसऱ्या कोणाच्या बाबतीत घडलेला नाही.

यापुढचा भाग पालकांनी विशेष लक्ष देऊन ऐकावा. १९७३ साली ड्रायडनने दुसरा स्टॅन्ले चषक जिंकला, आणि त्याच वर्षी मॅकगिलची कायद्याची पदवीही घेतली. पुढच्या करारात संघाने देऊ केलेला पगार त्याला आपल्या कामगिरीच्या मानाने योग्य वाटला नाही. दुसरा एखादा खेळाडू मुकाट्याने सही करून मोकळा झाला असता. ड्रायडनने सही केली नाही. तो टोरांटोला गेला आणि एका कायदेविषयक कार्यालयात आठवड्याला १३४ डॉलरवर उमेदवारी करू लागला. संपूर्ण १९७३-७४ चा हंगाम तो मॉन्ट्रियलसाठी खेळला नाही. त्या वर्षी संघ बाद फेरीच्या पहिल्याच फेरीत गारद झाला. पुढच्या हंगामात ड्रायडन परतला, तो मानाने परतला. नंतर १९७६ ते १९७९ अशी सलग चार वर्षे त्याने चषक जिंकला, आणि एकूण सहा चषक नावावर असताना, वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या आत, निवृत्ती घेतली.

मित्रांनो, "नाही" म्हणण्याची ताकद त्याला कोणी दिली? गोलातले कौशल्य तर होतेच. पण नुसते कौशल्य असते, तर नकार दिल्यावर घरी बसावे लागले असते. खेळाबाहेर उभे राहायला त्याच्याकडे जागा होती आणि ती शिक्षणाने दिली होती. शिक्षणाने त्याचा खेळ मारला नाही. उलट खेळाडू म्हणून त्याची किंमत राखली.

निवृत्तीनंतर ड्रायडन यांनी काय केले तेही ऐका. १९८३ साली त्यांनी आपल्या खेळाविषयी लिहिलेले पुस्तक आजही नावाजले जाते. पुढे ते एका माध्यमिक शाळेच्या वर्गात वर्षभर मुलांबरोबर जाऊन बसले आणि विद्यार्थी-शिक्षकांच्या रोजच्या जीवनावर १९९५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. ज्याच्या नावावर सहा चषक आहेत असा माणूस शाळेच्या बाकावर बसतो, यातच सर्व आले. २००४ साली ते कॅनडाच्या संसदेत निवडून गेले आणि सामाजिक विकास खात्याचे मंत्री झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते वारले.

कोणी म्हणेल, सर, तो जमाना गेला, आता पैसा मोठा आहे. म्हणून अलीकडचे एक उदाहरण देतो. केल मकार हा कॅनडातल्या कॅलगरीचा मुलगा. २०१७ साली कोलोरॅडोच्या संघाने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडले. तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात गेला. एका वर्षानंतरच व्यावसायिक दार उघडे असताना आणखी एक वर्ष तिथेच राहिला. एप्रिल २०१९ मध्ये त्याला महाविद्यालयीन हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूचे पारितोषिक मिळाले. दुसऱ्या दिवशी, १३ तारखेला, त्याचा संघ अंतिम सामना हरला. १४ तारखेला त्याने करारावर सही केली आणि १५ तारखेला पहिल्याच व्यावसायिक सामन्यात गोल केला. २०२२ मध्ये तो चषकविजेता झाला. त्याने चार वर्षे पूर्ण केली नाहीत, हे मी लपवीत नाही. परंतु कधी जायचे हे त्याने स्वतःच्या तयारीकडे पाहून ठरवले. घाई संघाला असते. आपल्याला ती असलीच पाहिजे असे नाही.

आणि हेही विसरू नका की ही दोन्ही नावे शिखरावरची आहेत. दरवर्षी पुकारल्या जाणाऱ्या त्या सव्वादोनशे नावांपैकी कितीतरी मुले मुख्य संघातून एकही सामना खेळत नाहीत. त्यांच्यापाशी शेवटी उरते ते महाविद्यालयात कमावलेले.

यावरून मला तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पालकांनो, मुलाचा खेळ पाहायला एकदा तरी मैदानावर या. तुम्ही तिथे नसाल, तर त्याला पहिला सल्ला देणारा माणूस संघाचा असेल, घरचा नसेल. आणि कोणी कागद पुढे केला तर तो वाचल्याशिवाय, चार जाणत्यांना दाखवल्याशिवाय सही करू नका, करू देऊ नका. दुखापत झाली तर खर्च कोणाचा, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा.

विद्यार्थ्यांनो, हात-पाय ही अल्लाहने दिलेली देणगी आहे. ती वापरा, जोमाने वापरा. पण खांदा एका क्षणात निखळतो, पदवी निखळत नाही.

तिसरी गोष्ट आम्हा शिक्षकांसाठी. "एक निवड" असे मुलाला सांगणे सोपे असते, कारण त्यात आपले काम संपते. सामन्यांच्या दिवसांत बुडालेला अभ्यास भरून कसा काढायचा, हे सांगण्यात आपले काम सुरू होते. ज्या विद्यापीठांत ड्रायडन शिकला, त्यांनी त्याला खेळ सोडायला लावले नाही. मी माझ्या विद्यार्थ्याला दोन्ही धरून ठेवायला मदत करू शकलो असतो. मी ती केली नाही.

तो मुलगा आता तेवीस वर्षांचा आहे. मागच्या वर्षी मी त्याच्या घरी गेलो, अम्मीसमोर माझी चूक कबूल केली आणि १७ नंबरचा फॉर्म त्याच्या हातात ठेवला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, इंग्रजीचं सगळं विसरलोय." मी म्हणालो, "पहिल्या धड्यापासून सुरू करू." आठवड्यातले तीन दिवस तो संध्याकाळी दुकान सुटल्यावर माझ्याकडे येतो. रविवारी सकाळी आपल्या शाळेच्या मुलांना झेल कसा घ्यावा आणि पडताना खांदा कसा सांभाळावा, हे शिकवतो. बारावीचा निकाल काय लागेल ते अल्लाह जाणे. फॉर्मवर सही करताना मात्र त्याने तो वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला, एवढे मी पाहिले आहे.