सूर्याची वीज कुणाच्या नावावर?



आज विजेबद्दल बोलू. वीज गेली की आपण ओरडतो, बिल आलं की कपाळाला हात लावतो. ती येते कुठून, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही. आपल्या भंडारा जिल्ह्याच्या एका अंगाला मौदा आहे, दुसऱ्या अंगाला तिरोडा. मौद्याचं औष्णिक केंद्र २३२० मेगावॅटचं, तिरोड्याचं ३३०० मेगावॅटचं. दोन्हीकडे कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेच्या जोरावर चाकं फिरतात आणि वीज तयार होते. एवढ्या मोठ्या दोन केंद्रांच्या मधोमध आपण राहतो, आणि तरी उन्हाळी धानाला पाणी द्यायला घरचा माणूस रात्री बॅटरी घेऊन बांधीवर जातो. शेतीची वीज पाळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. कोका, नागझिरा, उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या जंगलाला लागून ज्यांची शेती आहे, त्यांना रात्रीची पाळी म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. माणूस परत येईपर्यंत घरातल्या बाईचा डोळा लागत नाही. म्हणून वीज हा पुरुषांचा विषय आहे असं मला कधी वाटलं नाही.

आता जगात काय चाललं आहे बघा. कोळशावर वीज करून विकायची सुरुवात इंग्लंडमध्ये, लंडन शहरात १८८२ साली झाली. त्याच इंग्लंडनं ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपलं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र बंद केलं. डेन्मार्क नावाचा छोटा देश निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यावर करतो. आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये, मेहसाणा जिल्ह्यात मोढेरा गाव आहे, सूर्यमंदिराचं. तिथे २०२२ साली घरांवर एक-एक किलोवॅटचे पॅनेल बसले, जवळच सहा मेगावॅटचा सौर प्रकल्प झाला आणि रात्रीसाठी मोठी बॅटरी ठेवली. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातली मान्याचीवाडी, पाटण तालुक्यातली, २०२४ साली राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. शंभराच्या आसपास घरांची वाडी. तेवढे उंबरे तर आपल्या एकेका टोलीत असतात.

याचा अर्थ कोळसा संपला असं नाही. देशात वीज तयार करण्याची जेवढी क्षमता उभी आहे, त्यातली निम्मी २०२५ मध्ये कोळसा, तेल, गॅस सोडून इतर मार्गांची झाली. पण प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेत अजून शंभरातले सत्तराच्या आसपास युनिट कोळशाचेच आहेत. कारण सोपं आहे, सूर्य मावळतो. पाऊस चारच महिने पडतो म्हणून आपल्याकडे जुन्या लोकांनी मामा तलाव आणि बोड्या बांधल्या. सूर्याच्या विजेलाही अशी बोडी लागते, तिला बॅटरी म्हणतात, आणि ती अजून महाग आहे.

पण शेतीला दिवसाच वीज हवी असेल तर? तिथे बोडीची गरजच नाही. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी' योजना याच विचारावर चालते. विजेच्या उपकेंद्राजवळ जमिनीवर पॅनेल लावायचे आणि ती वीज शेतीपंपांच्या लाइनवर दिवसा सोडायची. शेतकऱ्यानं काही विकत घ्यायचं नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला २०२४ मध्ये असा तीन मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, असं तीन वर्षं.

इथे मला थोडं थांबायचं आहे. या योजनेत सरकारी जमीनही घेतली जाते, आणि गावातली सरकारी जमीन म्हणजे बहुतेक वेळा गायरान. तिथे शेळ्या कोण नेतं? सरपण, शेण कोण गोळा करतं? आपणच ना. मी प्रकल्पाच्या विरोधात नाही. दिवसाच्या विजेसाठी मी हात वर करीन. पण कोणता तुकडा द्यायचा, शेळ्यांना वाट कुठून राहील आणि ते पाच लाख कशावर खर्च होतील, हे ग्रामसभेआधीच्या महिला सभेत ठरलं पाहिजे. महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. नुसत्या सह्या करून घरी येण्यासाठी ती नाही.

आता घराचं छप्पर. 'पीएम सूर्यघर' योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि महिन्याला १२० युनिटच्या आसपास वीज होते. दिवसा जास्त झालेली वीज लाइनमध्ये जाते, मीटर ती मोजतं आणि बिलातून वजा होते. स्लॅबचं घर असेल तर सोपं. कवेलूच्या घरावर वजन पेलेल का ते आधी तपासून घ्या. आणि माकडं कवेलू फोडतात तशी पॅनेलवर उड्या मारणारच, म्हणून नीट फ्रेम बसवून घ्या.

शेतात सौर पंप हवा असेल तर 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यानं दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के भरायचे. अडीच एकरापर्यंत तीन एचपीचा पंप मिळतो. भाजीपाल्याला तो छान आहे. त्यावर उन्हाळी धानाची सगळी बांधी भरेल, अशी आशा मात्र धरू नका.

हे सगळं मी बैठकीत सांगते तेव्हा बाया खूश होतात. मग मी विचारते, मीटर कुणाच्या नावावर आहे? सासऱ्यांच्या, तेही वारलेले. सातबारा? दिराच्या आणि नवऱ्याच्या. इथेच गाडी अडते. सूर्यघरचा अर्ज वीजजोडणी ज्याच्या नावावर आहे त्यालाच करता येतो. पंपाला सातबाऱ्यावर नाव लागतं. आपल्यातली एकटी बाई, विधवा असो की सोडलेली, ऊन सगळ्यांइतकंच तिच्या अंगणात पडतं, पण योजना तिच्या दारात येत नाही. मीटरचं नाव महावितरणकडे अर्ज करून बदलता येतं. सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायला 'लक्ष्मी मुक्ती' योजना १९९२ पासून आहे. नवऱ्यानं तहसील कार्यालयात अर्ज द्यायचा असतो. त्याला तयार करणं हे काम मोठं, हे मला माहीत आहे. गटाचं कर्ज घेऊन आलेल्या बाईचं घरात थोडं जास्त ऐकलं जातं, तेव्हा ती वेळ साधा.

आणि पॅनेल नुसते बसवूनच का घ्यायचे? वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यात कवठा (झोपडी) नावाचं गाव आहे. तिथल्या बचत गटांच्या बायांना आयआयटी मुंबईच्या मदतीनं आधी शाळकरी पोरांच्या अभ्यासाचे सौर दिवे जोडायला शिकवलं गेलं. पुढे त्यांनी 'तेजस्वी' नावाची सहकारी संस्था काढली आणि पॅनेल बनवण्याचा कारखानाच उभा केला. पॅनेल कसं होतं सांगते. पापडासारख्या पातळ निळ्या चकत्या असतात, त्यांना सेल म्हणतात. त्या चांदीसारख्या पट्टीनं एकमेकींना सोल्डर करायच्या, ओळीनं काचेवर मांडायच्या, वर पातळ पत्रे घालून तापत्या यंत्रात दाबायचं, कडेला फ्रेम, मागे वायरची पेटी, आणि शेवटी दिव्याच्या उजेडात तपासणी. सेल बोटानं जोरात दाबला तर तडकतो. हलका आणि नेमका हात लागतो. कोशाचा धागा ओढणाऱ्या, रोवणीत पऱ्हे मोजून लावणाऱ्या आपल्या हाताला हे जड जाईल का? कवठा नागपूरच्या पलीकडे आहे. प्रभागसंघानं गाडी केली तर एका दिवसात बघून परत येता येईल.

तोवर सावध राहा. सौर पंप मंजूर झाला, इतके पैसे या नंबरवर टाका, असा फोन आला तर एक रुपयाही टाकू नका. आधी महावितरणच्या कार्यालयात जाऊन विचारा.

पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीनं घरचं वीजबिल आणि सातबाऱ्याची प्रत आणावी. ज्यांच्याकडे सातबारा नाही त्यांनी घरकुलाचा कागद आणावा. कुणाचं नाव कुठे आहे याची यादी आपण तिथेच करू आणि नाव बदलायचे अर्ज त्याच दिवशी भरायला घेऊ. चष्मा विसरू नका.