वीतभर मोटार, पाव मैलाची धाव



दिवाळीच्या सुटीत अंगणात मातीचा किल्ला रचणाऱ्या मुलाला प्रमाणाची चिंता नसते. त्याच्या किल्ल्यावरचा मावळा बुरुजाहून उंच असतो आणि तोफ महादरवाजातून आत जाणार नाही एवढी मोठी असते; तरीही किल्ला किल्लाच ठरतो. या खेळाचे एक हट्टी भावंड अमेरिकेत आहे. तेथे मुले, आणि मुलांच्या इतक्याच उत्साहाने त्यांचे वडील, शर्यतीच्या मोटारींच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती करतात, आणि तेथे प्रमाण हाच धर्म असतो. बहुतेक वेळा ते प्रमाण एकास पंचवीस असे असते: खऱ्या गाडीतील पंचवीस इंच म्हणजे प्रतिकृतीतील एक इंच. आजच्या व्याख्यानाचा विषय अशीच एक प्रतिकृती आहे. ती ‘ड्रॅग रेसिंग’ नावाच्या शर्यतीतील मोटारीची आहे, आणि पेटीतून निघाली तशी जोडलेली नसून करणाराने कापून, बदलून, नव्याने घडवलेली आहे.

प्रथम त्या शर्यतीविषयी थोडेसे. हिच्यात वळण नाही, चढ नाही, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, जी आधी जाईल ती जिंकते. कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर वेगाचे वेड लागलेले तरुण दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासूनच गाड्या पळवीत असत. युद्धानंतर हा नाद शहरांच्या रस्त्यांवर उतरला आणि जिवावर बेतू लागला. १९५० साली सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था काढून या खेळाला नियमांची चौकट दिली. खेळ रस्त्यावरून मैदानात आला. धोका मात्र सोबतच आला.

त्या काळचे टायर दुबळे होते. इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकांवर येई आणि चाके जागच्या जागी फिरत राहत. त्यांच्यावर भार हवा होता. भार म्हणून जी वस्तू सापडली ती म्हणजे चालक. इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे मागचा आस, आणि त्या आसाच्याही मागे चालक अशी रचना १९५० नंतरच्या काही वर्षांत रूढ झाली. बेचकीच्या रबरात ठेवलेल्या खड्यासारखा माणूस गाडीच्या अगदी शेवटी बसे. म्हणून या गाड्यांना ‘स्लिंगशॉट’, म्हणजे बेचकीच, म्हणत. पुढे टायर सुधारले आणि भाराची निकड कमी झाली, पण चालकाचे आसन हलले नाही. हे आसन ध्यानात ठेवावे, कारण पुढची सगळी हकिगत त्याच्याभोवती फिरते.

आता प्रतिकृतीकडे येऊ. १९५८ साली एएमटी या अमेरिकी कंपनीने ‘एकात तीन’ अशा पेट्या बाजारात आणल्या. एकाच पेटीतल्या भागांतून गाडी कारखान्यातून येते तशी करता येई, हौशी नटवी करता येई किंवा शर्यतीची करता येई. कोणती करायची हे मुलाने ठरवायचे. ही निवड वरवर किरकोळ दिसते. पण खेळण्याच्या पेटीने मुलाला विचारलेला तो प्रश्नच होता. ज्यांना तीन उत्तरे पुरली नाहीत त्यांनी दोन-तीन पेट्यांतले भाग एकत्र करून चौथी गाडी रचायला सुरुवात केली. पेटीबाहेरच्या गाडीचा जन्म असा झाला.

स्लिंगशॉटची प्रतिकृती करताना आरंभ सांगाड्यापासून होतो. खऱ्या गाडीत दोन लांब पोलादी नळ्या पुढून मागे जातात आणि पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर पाच मीटरच्या पुढे भरते. प्रतिकृतीत ते जवळजवळ एक वीत होते. दीड इंच जाडीची नळी दीड मिलिमीटरची होते. पॉलिस्टायरीनची इतकी बारीक काडी वीतभर लांबीत सरळ राहणे कठीण असते, म्हणून जाणता कारागीर आलेख-कागद काचेवर चिकटवतो, त्याच्या रेघांवर दोन्ही नळ्या टाचतो, आडव्या पट्ट्या जोडतो आणि रात्रभर त्यांना हात लावत नाही. पॉलिस्टायरीन जोडणारा द्रव खरे तर चिकटवीत नाही. दोन्ही पृष्ठभाग विरघळवून तो त्यांना एकजीव करतो, आणि हे काम सावकाश होते. घाईने उचललेला सांगाडा सुकताना पिळवटतो. तो दोष त्या वेळी दिसत नाही. चारही चाके लागल्यावर एक चाक हवेत राहते, तेव्हा दिसतो.

इंजिन हा प्रतिकृतीचा दर्शनी भाग, कारण या गाड्यांत ते उघडेच असते. त्या काळी सर्वांत नावाजलेले क्रायस्लर कंपनीचे आठ सिलिंडरचे ‘हेमी’. त्याच्या डोक्यावर हवा दाबून भरणारा ‘ब्लोअर’ बसवलेला असे. तो मुळात जनरल मोटर्सच्या दोन फेऱ्यांच्या डिझेल इंजिनाचा भाग. ‘६-७१’ हे त्याचे नाव त्या डिझेल इंजिनावरून आले: सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच. ट्रकसाठी जन्मलेला हा भाग शर्यतीच्या गाडीवर मुकुटासारखा मिरवला.

पेटीत मिळणाऱ्या इंजिनाला ठिणगीच्या तारा बहुधा नसतात. त्या घालणे हे पहिले ‘वेगळेपण’. खरी तार सात ते आठ मिलिमीटर जाड, म्हणजे येथे मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहूनही कमी. मॅग्नेटोच्या टोपीला तितक्याच बारीक सुईने आठ भोके पाडायची आणि आठ तारा आठ सिलिंडरांकडे न्यायच्या. नवखा माणूस कोणतीही तार कोठेही नेतो. मुरलेला कारागीर थांबून विचारतो की हे इंजिन कोणत्या क्रमाने पेट घेते. हेमीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. विषम सिलिंडर डाव्या बाजूस, सम उजव्या बाजूस. या क्रमाने तारा ओवल्या की त्या एकमेकींना ओलांडून जातात, थोड्या अस्ताव्यस्त दिसतात, आणि खऱ्या दिसतात.

इंधनाच्या नळीचेही असेच. या गाड्या नायट्रोमिथेनवर धावत. या द्रवाच्या रेणूतच प्राणवायू असतो, म्हणून त्याला जळायला हवा फार थोडी लागते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते, तर नायट्रोमिथेनला दोन भागांहून कमी पुरते. याचा अर्थ तेवढ्याच हवेत कितीतरी पट अधिक इंधन ओतता येते; आणि ओतायचे तर नळी जाड हवी. हे ज्याला ठाऊक नाही तो केसासारखी तार लावून मोकळा होतो. ज्याला ठाऊक आहे त्याच्या प्रतिकृतीत इंधनाची नळी ठिणगीच्या तारेहून स्पष्टपणे जाड असते. असा एखादा तपशील पाहून जाणकार पुढे वाकतो.

प्रमाणाचा धर्म सर्वत्र पाळता येत नाही, हेही येथेच कळते. लांबी पंचवीस पटींनी घटते, पण घनफळ १५,६२५ पटींनी. सुमारे सहाशे किलोंची खरी गाडी त्याच हिशेबाने अडतीस ग्रॅमांची व्हायला हवी, आणि प्लॅस्टिकची प्रतिकृती साधारण तशीच हलकी भरते. रंग मात्र हट्ट सोडत नाही. दशांश मिलिमीटरचा रंगाचा थर खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटरचा ठरेल. कडा बुजतात, खाचा भरतात. म्हणून लांबी भरून पाण्याच्या पॉलिश पेपरने घासायचे, पातळ अस्तर द्यायचे, पुन्हा घासायचे आणि रंग फवाऱ्याने विरळ थरांत द्यायचा. काळा रंग असेल तर परीक्षा अधिक कडक, कारण काळ्यावर ओरखडा लपत नाही. टायरांचीही एक खोड आहे. जुन्या पेट्यांतले मऊ व्हिनाइलचे टायर काही वर्षांत प्लॅस्टिकच्या चाकाला वितळवतात. दोहोंमध्ये पातळ धातूचा वर्ख घातला तर चाक वाचते. न घातला तर दहा वर्षांनी कपाट उघडणाऱ्याला रुतलेली, पाझरलेली चाके दिसतात.

काळा रंग म्हटला की डॉन गार्लिट्स यांचे नाव येते. फ्लोरिडातील टॅम्पाचे हे चालक आपल्या गाड्या स्वतः बांधीत. बहुतेक गाड्या काळ्या, आणि सगळ्यांचे नाव एकच, ‘स्वॅम्प रॅट’, म्हणजे दलदलीतला उंदीर. पुढे फक्त क्रमांक बदले. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स या धावपट्टीवर तेरावी गाडी सुटताच तिची गिअरपेटी फुटली. गाडीचे मधोमध दोन तुकडे झाले आणि गार्लिट्स यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. ज्याने स्लिंगशॉटची प्रतिकृती केली आहे त्याला हे वाचून नवल वाटत नाही. सात सेंटिमीटरचा चालक आसनात बसवताना त्याने पाहिलेले असते की त्या माणसाच्या पायांना फिरत्या यंत्राला खेटूनच जागा आहे; दुसरीकडे जागाच नाही. क्लच फुटला, इंजिन पेटले, तेल उडाले, तर सगळे मागे येणार, आणि मागे माणूस आहे. पंधरा वर्षांहून अधिक काळ हजारोंच्या डोळ्यांसमोर ही रचना होती.

गार्लिट्स यांनी इस्पितळात पडल्या पडल्या पुढच्या गाडीचा विचार सुरू केला: इंजिन मागे, चालक पुढे. कल्पना नवी नव्हती. तसे प्रयत्न आधी झाले होते आणि त्या गाड्या भरकटल्याही होत्या. याचे कारण समजण्याजोगे आहे. शेवटी बसलेल्या चालकाला गाडीची शेपूट किंचित सरकली तरी स्वतःच्या बैठकीत जाणवते. शिवाय सगळी गाडी डोळ्यांपुढे असते. पुढे बसलेल्याला ती सरकल्याचे उशिरा कळते, मग तो स्टीअरिंग जास्त फिरवतो, आणि गाडी दुसऱ्या बाजूला जाते. चौदाव्या ‘स्वॅम्प रॅट’लाही आरंभी हीच व्याधी जडली. उपाय साधा निघाला: स्टीअरिंग मंद केले. चालकाने चक्र तेवढेच फिरवले तरी पुढची चाके पूर्वीपेक्षा कमी वळू लागली, आणि गाडी सरळ धावू लागली. १९७१ साली पोमोनाची हिवाळी स्पर्धा या गाडीने जिंकली. काही वर्षांतच त्या सर्वोच्च वर्गातून बेचक्या जवळजवळ नाहीशा झाल्या.

प्रतिकृतीच्या छंदातील एक रंजक आणि कष्टाचे काम म्हणजे एका स्लिंगशॉटच्या पेटीतून मागच्या इंजिनाची गाडी करणे. नवख्याला वाटते, आसन पुढे सरकवले की झाले. प्रत्यक्षात एक भाग हलला की दहा भाग जागा मागतात. सांगाडा मधून कापावा लागतो. चालकाभोवतीचा नळ्यांचा पिंजरा आता इंजिनाच्या पुढे येतो, म्हणून तो नव्याने वाकवावा लागतो. काडी मेणबत्तीच्या उबेवर हलकेच धरायची, ज्वाळेत नव्हे. पूर्वी इंजिनाच्या कडेने लांबवर जाणारा स्टीअरिंगचा दांडा आता आखूड होतो. इंधनाची टाकी अशा गाड्यांत बहुधा नाकाशी असते आणि इंजिन गेले मागे, म्हणून ती जाड नळी चालकाच्या कडेने न्यावी लागते. कारागीर ती एकदा लावतो, पुन्हा काढतो, कारण चालकाचे कोपर आड येते. शेवटी हे सारे जुळले की खऱ्या गाडीच्या बांधणीत कोणाला काय काय सोडवावे लागले असेल, याचा अंदाज बोटांना येतो. लहान वयात तासन्‌तास गोंद आणि कानस घेऊन बसलेल्या मुलाला घरचे जे बोलतात ते जगभर सारखेच असावे. पण त्या मुलाच्या हातून त्या वेळी एवढे काही चाललेले असते.

गार्लिट्स यांची तिसावी गाडी १९८७ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. तिच्या आणि तिच्या आधीच्या भावंडांच्या प्रतिकृती मात्र घरोघरच्या काचेच्या कपाटांत आहेत. काही जण बेचकी आणि मागच्या इंजिनाची गाडी शेजारी शेजारी ठेवतात. एकास पंचवीस या प्रमाणात पाव मैल सोळा मीटरचा होतो. शाळेच्या दोन-तीन वर्गांपुढचा व्हरांडा त्याला पुरेल.

मागच्या इंजिनाच्या गाडीत, नाकाच्या आत, उजव्या पायाशी वेग देणारे पेडल असते. प्रतिकृतीत ते जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांबीच्या पत्र्याचे होते, आणि वरचे कवच बसवल्यावर कोणालाही दिसत नाही. पेटीत ते नसतेच. तरीही अनेक कारागीर ते कापतात, किंचित वाकवतात, चिमट्याने जागेवर ठेवतात, आणि मगच कवच लावतात.