सेवेला ज्ञानाची जोड



मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग 1973 च्या अमानुष हल्ल्यानंतर अंथरुणास खिळल्या. 2015 पर्यंत सहकारी परिचारिकांनी त्यांना सांभाळले. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात या सेवेचा गौरव केला.

हे केवळ मायेने साधत नाही. ठरावीक वेळी कूस बदलणे, त्वचा निरखणे, नोंद ठेवणे, हे शास्त्र आहे. आपल्या शहरातील घाटी रुग्णालयात मराठवाडाभरातून रुग्ण येतात. जिथे खाटा अनेक आणि परिचारिका एकच असते, तिथे कूस बदलण्याची वेळ टळते आणि शय्याव्रण उठते.

म्हणून परिचारिकेच्या त्यागाचे केवळ गोडवे गाऊ नयेत. तिला शिकण्यासाठी रजा आणि सोबतीला पुरेसे मनुष्यबळ मिळावे, हीच खरी कृतज्ञता होय.