गौरीचे म्हैसूर सिल्क
(चामराजपेट येथील गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा सारांश)



मी काही कलेचा जाणकार नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, पुलांच्या नकाशांत रमणारा माणूस. पण गेल्या वर्षी घरात एक गोष्ट घडली आणि मला एका चित्रकाराची आठवण झाली.

आई गेल्यानंतरच्या पहिल्याच गौरी. सौ.ने गौरीला म्हैसूर सिल्क नेसवले. गावाहून आलेले एक वडीलधारे म्हणाले, "बंगळूरला राहून रीत विसरलात!" सौ. काही बोलली नाही. तिने मुकाट्याने साडी बदलली. मीही गप्प राहिलो, आणि तेच मला आजवर टोचते आहे.

इटलीत राफाएल (१४८३–१५२०) नावाचा थोर चित्रकार होऊन गेला. मॅडोना, म्हणजे बाळ येशूला घेतलेली मेरी, त्याने अनेकदा रंगवली. मेरी मूळची पॅलेस्टाईनकडची. पण त्या काळचे इटालियन चित्रकार तिला आपल्याकडच्या बायकांचा चेहरा देत आणि मागे आपल्याकडचेच डोंगर काढत. आज ते कोणालाही खटकत नाही.

आपल्या गोव्याचे आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. परत आल्यावर त्यांनी मेरीला साडी नेसवली. त्यावर गोव्यात टीका झाली. ते पुण्याला आले, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढत राहिले आणि पुण्यातच वारले. आज त्यांच्या कितीतरी चित्रांचा संग्रह गोव्यातच, पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात जपलेला आहे.

मंडळी, आपली गौरीसुद्धा बाळाची आईच ना? इथे कर्नाटकात ती गणपतीच्या आदल्या दिवशी येते, आपल्याकडे गणपतीनंतर. वेळापत्रक वेगळे, पण येणारी माऊली तीच.

आता एक सांगायचे राहिले. ते म्हैसूर सिल्क माझ्या आईचे होते. माझ्या पहिल्या बोनसमधून तिने ते इथेच घेतले आणि शेजारच्या कन्नड घरी गौरी हब्बाला दरवर्षी नेसून गेली. रीत विसरलेली बाई नव्हती ती.

यंदा आमच्या गौरीला तीच साडी नेसवणार आहोत. या वेळी मी गप्प राहणार नाही. आपण सर्वांनी हळदीकुंकवाला आणि दर्शनाला अवश्य यावे.

गणपती बाप्पा मोरया!