कार्ल्याचा उजेड आणि आईची भांडी
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



छायाचित्रणाच्या हौसेविषयी मी दोन शब्द बोलावेत, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी काही या कलेतील जाणकार नव्हे. घरातल्या वस्तू मांडून त्यांची छायाचित्रे घेण्याचा मला नाद आहे, इतकेच. त्या नादाला वळण लावले ते मात्र कार्ल्याच्या लेण्याने.

माझी आई वारली आणि वर्षभरात माहेरचे जुने घर सोडायचे ठरले. नव्या जागेत घंगाळ, कळशा, परात ठेवणार कुठे? भावाने सारी भांडी मोडीत घालायचे ठरविले. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. भांडी चिंचेने घासली, भरतकामाच्या चादरीवर मांडली आणि फ्लॅश लावून छायाचित्रे घेतली. ती पाहून माझे मलाच वाईट वाटले. भांडी लखलखत होती, पण दुकानात मांडल्यासारखी! आईचा हात त्यांवरून फिरल्याची खूण कुठेच दिसेना.

त्याच आठवड्यात आपली सहल कार्ल्याला गेली. एकवीरेचे दर्शन घेऊन आपण चैत्यगृहात शिरलो, ते पुष्कळजणींना आठवत असेल. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी काळ्या पाषाणात कोरलेले हे दालन जवळजवळ सव्वाशे फूट लांब आहे. छताच्या लाकडी फासळ्या अजून टिकून आहेत. त्यासाठी दान देणाऱ्यांत व्यापारी होते, यवन होते आणि भिक्षुणीही होत्या, असे तेथील शिलालेख सांगतात.

लेण्याचे तोंड पश्चिमेला. दुपार कलली होती. दारावरच्या कमानदार गवाक्षातून उजेड आत येत होता. खांबांची एक बाजू उजळलेली, दुसरी काळोखात; म्हणूनच त्यांची गोलाई डोळ्यांत भरत होती. एकंदर खांब ३७. दोन्ही ओळींतल्या खांबांच्या माथ्यावर हत्ती आणि त्यांवर बसलेली जोडपी आहेत. स्तूपामागचे सात मात्र अगदी साधे, अठपैलू. स्तूपही साधाच. तरी नजर जाऊन ठरते ती त्याच्यावरच. मला माझी चूक उमगली. मी सगळीकडून उजेड पाडला होता आणि मागे नक्षी पसरली होती.

घरी येऊन मी एक खिडकी सोडून बाकीच्या सगळ्या लावून घेतल्या. चादर काढली, मागे जुने घोंगडे टांगले आणि आईचा पाण्याचा तांब्या एकटाच पाटावर ठेवला. कॅमेरा हलू नये म्हणून डब्यावर टेकविला. तिरप्या उजेडात तांब्याच्या पोटावरचा पोचा स्पष्ट उमटला. लहानपणी विहिरीवर माझ्याच हातून तो पडला होता. आईने मला बोल लावला नाही. तो तांब्या मात्र जन्मभर वापरला.

भावाला ते छायाचित्र दाखविले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, तांब्या राहू दे.” बाकीची भांडी गेली, जागेची अडचण खरीच होती. तांब्या आज त्याच्या घरी पाण्याला आहे.

भगिनींनो, लेणी पाहायला जाल तेव्हा आपापली छायाचित्रे जरूर काढा. पण घटकाभर कॅमेरा बाजूला ठेवून उजेड कुठून येतो, तेही पाहा. आणि घरी परतल्यावर एखादे जुने भांडे खिडकीशी ठेवून पाहा. ते मोडीत जाण्याआधी पाहा, एवढीच माझी विनंती आहे.