श्लेष्माचा थर आणि कर्करोगाची चाहूल



जठराच्या भिंतीवर निसर्गाने एक बिकट कामगिरी सोपविली आहे. मांसही पचवू शकणारे आम्ल तिला अहोरात्र सांभाळावे लागते. मात्र तिने स्वतः पचून जाता कामा नये. मोठ्या आतड्याचे काम निराळे, पण तितकेच अवघड. तेथे असंख्य जीवाणूंचा कायम मुक्काम असतो आणि त्यांना पेशींपासून दूर ठेवावे लागते. ही दोन्ही कामे एका बुळबुळीत थरामुळे साधतात. अन्न पुढे सरकावे म्हणून असलेले वंगण, एवढीच त्याची सर्वसाधारण ओळख आहे आणि ती अपुरी आहे.

हा थर म्युसिन नावाच्या प्रथिनांपासून बनतो. प्रथिनाचा लांब दोरा आणि त्यावर शर्करेच्या दाट शाखा, अशी त्याची रचना असते. बाटली धुण्याचा ब्रश डोळ्यांपुढे आणला म्हणजे ती चटकन ध्यानात येते. या शाखा पाणी धरून ठेवतात. मानवात म्युसिनची सुमारे २० जनुके ज्ञात असून प्रत्येक अवयवाची त्यातील निवड ठरलेली आहे. जठरात प्रामुख्याने म्यूक-५एसी व म्यूक-६, तर आतड्यात म्यूक-२. म्यूक-१ मात्र पाझरत नाही. ते पेशीच्या आवरणातच रोवलेले असते.

एखाद्या अवयवाने आपले म्युसिन सोडून दुसऱ्याचे निर्माण करू लागावे, ही साधी बाब नव्हे. जठराच्या कर्करोगाच्या एका प्रमुख प्रकाराची वाटचाल पेलायो कोरेया यांनी १९७५ मध्ये मांडली. प्रथम दीर्घकाळचा दाह, मग अस्तराची झीज, त्यानंतर जठराच्या अस्तराने आतड्याचे रूप घेणे, पुढे पेशींची विकृत वाढ आणि अखेरीस कर्करोग. यातील तिसऱ्या पायरीवर म्यूक-५एसी घटते आणि जठरात ज्याचे काही काम नाही ते म्यूक-२ प्रकट होते. एका खात्याच्या कागदांवर दुसऱ्याच खात्याचे शिक्के उमटू लागावेत, तसाच हा प्रकार. या दाहामागे बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू असतो. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये तो ओळखला. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला निश्चित कर्ककारक ठरविले आणि २००५ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक लाभले. हा जीवाणू असणाऱ्या बहुसंख्य लोकांना कर्करोग होत नाही, हेही सांगितले पाहिजे. तो औषधांनी घालविता येतो.

मोठ्या आतड्याची कथा उलट दिशेने जाते. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले की, तेथील श्लेष्म दुपदरी असते आणि आतला पदर जीवाणूंपासून जवळजवळ मुक्त राहतो. त्याआधी, २००२ मध्ये, म्यूक-२चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या आतड्यांत गाठी उद्भवल्या व त्यांतील काही कर्करोगापर्यंत गेल्याचे प्रसिद्ध झाले होते. म्हणजे म्युसिन घटले की धोका, असा सोपा नियम करावा काय? तसे नाही. मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांत गाठीचा निम्म्याहून अधिक भाग श्लेष्माचाच असतो आणि त्यात म्यूक-२ विपुल आढळते. प्रमाणापेक्षा स्थान व रूप यांना अधिक महत्त्व आहे. निरोगी पेशीत म्यूक-१ केवळ पोकळीकडील बाजूस असते. कर्कपेशीत ते सर्व बाजूंनी पसरते आणि त्याच्या शर्करेच्या शाखा खुरटतात.

या ज्ञानातून निघालेली एक रक्तचाचणी बरीच परिचित झाली आहे : सीए १९-९. म्युसिनवर आढळणारी एक विशिष्ट शर्करा ती मोजते. स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील उपचार लागू पडत आहेत की नाहीत, हे पाहण्यास ती उपयुक्त आहे. निरोगी माणसाची चाळणी करण्यासाठी ती नाही. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली तरीही हा आकडा वाढतो आणि घरात अकारण घबराट पसरते. याउलट, काही व्यक्तींच्या शरीरात ही शर्करा जन्मतःच तयार होत नाही. रोग बळावला तरी त्यांचा आकडा जागचा हलत नाही. म्हणूनच शौचावाटे रक्त जात असेल, शौच डांबरासारखे काळे होत असेल किंवा कारणाविना वजन घटत असेल, तर अहवाल चांगला आला म्हणून दुर्बिणीची तपासणी पुढे ढकलणे घातक ठरते. त्या तपासणीत अस्तराचा काढलेला लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, म्हणजे कोणत्या पायरीवर काय चालले आहे, हे प्रत्यक्ष दिसते.