रिंगा बसल्या पाहिजेत
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



'तुझ्या धंद्यातलं काहीतरी बोल,' असा हुकूम झालाय. आपल्यातले बरेच जण चाकण-भोसरीच्या कारखान्यांत नव्या गाड्या बनवतात. मी मारुंजीच्या गॅरेजात जुन्या खोलतो. म्हणून पिस्टनच्या रिंगांवर बोलतो.

इंजिनचं काम झालं की घरातले वडीलधारे सांगतात, 'आता हजार किलोमीटर अगदी हळू चालव.' सल्ला मायेचा, पण अर्धाच बरोबर.

रिंगेला दोन कामं. वरचा जळका गॅस खाली जाऊ द्यायचा नाही आणि खालचं ऑइल वर येऊ द्यायचं नाही. तिचा स्वतःचा ताण थोडा असतो. खरा जोर पेट्रोल जळताना होणाऱ्या दाबाचा. तो रिंगेच्या मागे शिरून तिला बोअरवर दाबतो. होनिंग केलेल्या बोअरवर बारीक, उलटसुलट तिरक्या रेघा असतात. त्यांची टोकं रिंगेशी घासून झिजली, की दोघांचं जमतं, आणि खाचांत ऑइल टिकतं. ही संधी सुरुवातीलाच मिळते. गाडी नुसती आयडलला घुरघुरत ठेवली तर दाब कमी पडतो, भिंतीवर ऑइल भाजून काचेसारखा गुळगुळीत थर बसतो. मग गाडी निळा धूर सोडते, ऑइल खाते, आणि इंजिन पुन्हा खोलावं लागतं.

माझ्याकडे एक पद्मिनी आली. कुर्ल्यात बनलेली, 1089 सीसीची. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही बंद झाली. सुटे भाग आता शोधून आणावे लागतात. त्यात हिचा ब्लॉक शेवटच्या ओव्हरसाइझपर्यंत बोअर झालेला. रिंगा बसल्या नसत्या तर पुढचा खर्च मालकाला झेपणारा नव्हता. त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना एकदा याच गाडीतून गावी जायचं होतं.

पहिल्या फेरीला काका शेजारी बसले. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रांगणं नको, म्हणून पहाटे 5 ला निघालो. इंजिन गरम झालं, ऑइलचा दाब बघितला, गळती नाही याची खात्री केली. कासारसाईच्या रस्त्याला तिसऱ्या गिअरमध्ये 30 वरून 60 पर्यंत दमदार ॲक्सिलरेटर दिला. काका ओरडले, 'अरे, हळू! नवं काम आहे!'

मी दाबाचं गणित सांगितलं. काका निवृत्त मशीन ऑपरेटर. क्षणभर थांबून म्हणाले, 'म्हणजे लॅपिंगच की! मग दे जोर.'

60 वर पाय काढायचा, गाडी गिअरमध्येच उतरू द्यायची. तेव्हा सिलिंडरमध्ये ओढ तयार होते, थोडं ऑइल वर येतं आणि झिजलेला बारीक धातू धुऊन नेतं. असं दहा-बारा वेळा केलं. मात्र एकाच वेगानं लांब पळवणं नाही, टॉप गिअरमध्ये इंजिनला दमवणं नाही. ऑइल साधं मिनरल. महागडं सिंथेटिक नंतर. 300 किलोमीटरला ते काढून नवं भरलं. तोवर निळा धूर गेला होता. दिवाळीला काका गावी जाऊन आले.

तेव्हा इंजिन बांधून घेतलंत तर मेकॅनिकला दोन प्रश्न विचारा: होनिंग केलं का, आणि पहिली फेरी कोण मारणार? आणि कुणाच्या वडिलांची जुनी गाडी अंगणात उभी असेल, तर मारुंजीला घेऊन या. चहा माझ्याकडे, ऑइल तुमचं!